टायपिस्ट मावशीची नदी

टायपिस्ट मावशीची बोटं कधी रिकामी नसत. ती बोलत असो, ऐकत असो, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत असो, तिची दहाही बोटं समोर जे असेल त्याच्यावर चालू असायची. टेबलाची कड, गॅलरीचा कठडा, स्वतःची मांडी, आणि यातलं काही नसलं तर माझी पाठ. लहानपणी शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत मी तिच्या घरी असायची. दुपारी ती मला झोपवायला घ्यायची आणि माझ्या पाठीवर तिचं टायपिंग सुरू व्हायचं. मी विचारायची, "मावशी, आत्ता काय टाईप केलंस?" ती कोर्टातल्या कागदाच्या सुरात सांगायची, "शमू वल्द झोपत नाही, सबब तिला संध्याकाळी खारी देण्यात येणार नाही."

तिचं नाव कुमुद. ती माझी सख्खी मावशी नव्हे. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तिची खोली आमच्या खोलीला लागून होती, एवढंच नातं. पण अख्ख्या चाळीला दोन-तीन मावश्या होत्या आणि त्यांच्यात गोंधळ नको म्हणून ती टायपिस्ट मावशी झाली. ती आणि तिची आई अशा दोघीच राहत. पुढे आई गेली आणि मावशी एकटीच राहिली. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलंच, तर ती म्हणायची, "सुट्टी शिल्लक नव्हती."

फोर्टात एका सॉलिसिटरच्या कचेरीत ती नोकरीला होती. इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही मशिनं ती चालवायची. तिच्या टेबलावर चुका झाकायच्या पांढऱ्या शाईची बाटली कधीच नव्हती. पान संपत आलं असताना शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं, तरी ती कार्बनसकट सगळे कागद बाहेर ओढायची आणि नवे लावून पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. खोडलेला कागद कोर्टात उभा राहत नाही, असं ती सांगायची. कोर्टाचं काय ते मला माहीत नाही, पण तिच्यापुढे तो नक्कीच उभा राहत नसे. चाळीत आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा ती हातात पेन घेऊन वाचायची. एकदा दिघेकाकांच्या मुलीच्या पत्रिकेतली शुद्धलेखनाची चूक लाल गोल करून तिने त्यांना परत दिली आणि लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. कचेरीत पुढे संगणक आले, तेव्हा तिने तेही शिकून घेतलं. फक्त ती बटणं इतक्या जोरात दाबायची की तिचा कीबोर्ड सारखा बदलावा लागायचा.

या सगळ्या शिस्तीच्या बाईच्या आत एक नदी होती. मावशी अकरा वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि तिची आई तिला घेऊन मुंबईला भावाकडे आली. तोपर्यंतचं तिचं सगळं आयुष्य लांज्याजवळ काजळी नदीच्या काठावर गेलं होतं. नंतर ती तिकडे कधीच गेली नाही. आईला जायचं नव्हतं, आणि आई गेल्यावर जाऊन भेटावं असं कोणी तिकडे उरलं नव्हतं. पण काजळीचा विषय तिच्या बोलण्यात रोज असायचा. सकाळी नळाला बारीक धार आली की म्हणायची, "काजळीला असं मोजून पाणी यायचं नाही." कोणी नवं कापड आणलं की त्याचा रंग काजळीच्या कुठल्या वेळेसारखा आहे ते सांगायची. काजळी सकाळी वेगळी, जेवणं झाल्यावर वेगळी. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की काजळी ही तिची कोणी मैत्रीण आहे आणि ती जरा लहरी आहे.

मावशी निवृत्त झाली तेव्हा मी नोकरीला लागले होते. वर्ष-दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं की ती चहा अर्धाच कप देते. आधी वाटलं, डॉक्टरांनी कमी करायला सांगितला असेल. मग दिसलं की कप भरलेला असला की तो तिच्या हातात राहत नाही, डुचमळतो. तिचे हात थरथरायला लागले होते. उजवा जास्त, डावा कमी. ती ते कोणाला सांगत नव्हती. लग्नाकार्याला जाणं तिने बंद केलं, कारण पंगतीत चार लोकांसमोर घास तोंडापर्यंत न्यायचा म्हणजे परीक्षा. घरी कोणी आलं तर ती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. जी बोटं आयुष्यभर सगळ्यांसमोर नाचली होती, ती आता बुरख्यात गेली. आईने एकदा सरळ विचारलं, तेव्हा ती म्हणाली की काही नाही, वय झालं, आणि उठून मोरीत गेली.

बँकेतला प्रसंग त्यानंतरचा. मी तिच्याबरोबर होते. तिने स्लिपवर सही केली आणि काउंटरवरच्या मुलाने ती जुन्या सहीशी ताडून बघितली. जुळेना. त्याने दुसरी करायला सांगितली. तीही जुळेना. तिसऱ्या वेळी मावशीने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, श्वास रोखला, आणि कागदावर जे उमटलं ते मला अजून आठवतं. कुमुद या नावातलं एकही अक्षर त्यात ओळखू येत नव्हतं. मुलगा वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणून अगदी अदबीने सांगितलं की आजी, आपण अंगठा घेऊ या, सोपं पडेल. त्याने शाईचं पॅड पुढे केलं. मावशीने अंगठा उठवला. चाळीत आल्यावर आईला म्हणाली, "आज मी अंगठाबहाद्दर झाले हो," आणि हसायचा प्रयत्न केला. आईने तिला जवळ घेतलं. मी मावशीला पहिल्यांदा रडताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी आई तिला जवळजवळ ओढतच परळच्या एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. ही थरथर जिवावरची नाही, पण जाणारीही नाही. गोळ्यांनी थोडी उतरेल. हाताला सवयीचं काम मिळालं तर बरं, म्हणून त्यांनी तिला वरच्या मजल्यावर व्यायामोपचाराच्या विभागात पाठवलं. तिथे मृणाल नावाची लालबागची मुलगी होती. बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. तिने मावशीपुढे एक जाड कागद ठेवला, रंगाच्या वाट्या ठेवल्या, हातात ब्रश दिला आणि आडवी रेघ मारायला सांगितलं.

मावशी भडकली. आपण काय बालवाडीत आलोय का, असं तिने तिला विचारलं. मृणाल म्हणाली की हो, तसंच समजा, फक्त डबा आणायचा नाही. मावशीने रेघ मारली. ती करवतीच्या दात्यांसारखी गेली. मावशीने कागद फाडून टाकला आणि दुसरा मागितला. तोही फाडला. असे किती कागद फाडले ते मृणालने मोजलं नाही, पण ती देत राहिली. हे सलग दोन-तीन आठवडे चाललं. मावशी दर वेळी चिडून घरी यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा जायची, कारण चुकलेला कागद तसाच टाकून उठणं तिला माहीतच नव्हतं.

एक दिवस वाटीत निळ्याबरोबर थोडा पिवळा मिसळला गेला. मावशीने रेघ ओढायला ब्रश टेकवला, हात हलला, आणि कागदावर तुटक तुटक हिरवट निळे ठिपके पसरले. तिने नेहमीप्रमाणे कागद फाडायला उचलला आणि तशीच थांबली. मृणालला वाटलं, हात आखडला. तिने काय झालं म्हणून विचारलं. मावशी कागदाकडे बघतच म्हणाली, "हे पाणी आहे."

त्या दिवशी ती परळहून टॅक्सी करून घरी आली. ती कधी टॅक्सी करत नसे. पण कागद ओला होता आणि तो बसच्या गर्दीत चुरगळला असता.

त्यानंतर मावशीच्या खोलीत रंग आले. लवकर वाळणारे आणि वास न येणारे, कारण खोली एक आणि त्यातच स्वयंपाक. मी दादरहून कॅनव्हास आणून दिला. तो टेबलावर उभा केला की जेवायला जागा राहत नसे, म्हणून ती ताट घेऊन आमच्याकडे यायची. चित्र एकच असणार हे तिचं आधीच ठरलेलं होतं. काजळीचा काठ, सकाळची वेळ. डावीकडून पाण्यात उतरत गेलेला काळा कातळ, त्याच्यावर ओणवी होऊन भांडी घासणारी बाई, काठाला बांधलेली होडी, पाणी प्यायला आलेल्या दोन गाई, आणि पैलतीरावर झाडीत एक कौलारू घर, त्यातून निघालेला धूर. सगळं ठिपक्यांचं आणि छोट्या फटकाऱ्यांचं. एकसुद्धा सरळ रेघ नाही. ब्रश ती मुठीत धरायची. कातळ करायचा असला की मनगट टेबलावर टेकवायची, म्हणजे हात जरा शांत राहायचा. पाणी करायचं असलं की हात मोकळा सोडायची. थरथर सुरू झाली की ब्रश आपोआप पाण्यावर टपटपत जायचा आणि तिथे उजेड हलायला लागायचा.

गोळ्यांचा प्रश्न आला तो इथे. गोळी घेतली की हात निवायचा, आणि हात निवला की पाणी गोठायचं. तिने तसं डॉक्टरांना जाऊन सांगितलं. असा रुग्ण त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. हात हलत नाही अशी तक्रार घेऊन ती तिथे बसली होती. त्यांनी विचार करून गोळीची वेळ दुपारवर ढकलून दिली. तेव्हापासून मावशीचे दिवस ठरून गेले. सकाळी पाणी, गोळी घेतल्यावर झाडं आणि गाई.

अडचण एकच होती. जवळून बघितलं तर त्या चित्रात फक्त डाग दिसायचे. नदी दिसायला लांब जावं लागायचं आणि मावशीच्या खोलीत लांब अशी जागाच नव्हती. मग ती चित्र गॅलरीत आणायची, जिन्याजवळ स्टुलावर टेकवायची आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. ते टोक म्हणजे आमच्या मजल्याचे संडास. म्हणजे काजळी नीट दिसायची जागा नेमकी संडासांच्या दारात. मावशीला त्याचं काही नव्हतं. मधे वाळत घातलेले कपडे आड यायचे, म्हणून मजल्यावर हाक फिरायची की दोऱ्या वर घ्या, मावशीला नदी बघायची आहे. सुरुवातीला लोक कुरकुरले. मग त्यांनाही तिथे उभं राहून बघायची सवय लागली. हळूहळू बादल्या हातात घेऊन नंबर लावून उभी असलेली माणसं नदीवर चर्चा करायला लागली.

दिघेकाकांचं मत प्रतिकूल होतं. त्यांचं म्हणणं, सगळं ठीक आहे, पण बाईला नाक-डोळे नाहीत. मावशी त्यांना म्हणाली, "नदीवर भांडी घासणाऱ्या बाईचं नाक बघत उभं राहिलात, तर ती बघू देईल का?" सातारचे एक बिऱ्हाडकरू होते, त्यांना ती कृष्णा वाटली. दूधवाला भैया किटली ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ये तो हमारे गाँव का घाट है, मौसी. वो भैंस भी हमारी है." मावशीने त्याला स्पष्ट सांगितलं की ती म्हैस नाही, गाय आहे, आणि नदी माझी आहे. पण त्या दिवशी ती खूष होती. मृणालने एकदा तिला परदेशी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणून दाखवलं. फ्रान्समधे काही लोकांनी असेच फटकारे मारून नद्या रंगवल्या होत्या आणि सुरुवातीला लोक त्यांनाही हसले होते. मावशीने एकेक पान शांतपणे बघितलं, पुस्तक मिटलं आणि चांगलं काम आहे, पण ऊन फिकं आहे, असा शेरा दिला.

हे चित्र प्रदर्शनात पाठवायचं मृणालने काढलं. फोर्टातल्या एका दालनात दरवर्षी प्रदर्शन भरायचं आणि त्यात कोणालाही चित्र पाठवता यायचं. निवड मात्र कडक असायची. मावशीने आढेवेढे घेतले, मग पाठवलं, आणि महिन्याभराने ते परत आलं. मी आणि आई तिची समजूत घालायची तयारी करून तिच्याकडे गेलो. ती चित्रासमोर स्टुलावर बसली होती. आई म्हणाली की कुमुदताई, त्यांना कळलं नसेल. मावशीने मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "पाणी जिवंत आहे, पण पैलतीर मेलेला आहे. तो मी गोळी घेऊन केला ना." त्या चित्रावरच पैलतीर दुरुस्त करून घे, असं मी सुचवलं. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दादरला जाऊन नवा कॅनव्हास घेऊन आले.

दुसरं चित्र तिने पहिल्या ठिपक्यापासून केलं. या खेपेला तिने कातळसुद्धा मनगट न टेकता केला. झाडी, घर, धूर, गाई, सगळं त्या मोकळ्या, थरथरत्या हाताने. त्यात वर्षाहून जास्त वेळ गेला. हात मधल्या काळात आणखी बिघडला होता. कधी कधी ब्रश सुटून खाली पडायचा, तो ती उचलायची, पुसायची आणि पुन्हा मुठीत धरायची. दमली की आमच्याकडे येऊन डोळे मिटून पडायची. मी एकदा म्हटलं की राहू दे आता, पहिलं चित्रही सुंदरच आहे. ती म्हणाली, "शमू, सुंदर नको गं मला. मला ती हवी आहे."

चित्र पुरं झालं आणि गॅलरीत आणलं, त्या सकाळी मी त्या टोकाला तिच्या शेजारी उभी होते. पहिल्या चित्रात पाणी हलत होतं. या चित्रात सगळी सकाळच हलत होती. झाडांतून वारा जात होता, धूर वर चढत होता, बाईचा हात भांड्यावर फिरत होता. जगात कुठेच कसली घाई नाही अशी ती सकाळ होती. मागे बादली घेऊन उभे असलेले दिघेकाका म्हणाले, "आता नाकाची गरज नाही."

ते चित्र निवडलं गेलं.

उद्घाटनाला आमच्या चाळीतून तीन टॅक्स्या भरून माणसं गेली. मावशीने कचेरीत नेसायची ती पांढऱ्या काठांची निळी साडी नेसली होती. आत शिरल्यावर आम्ही सगळे जरा बावरलो. गार हवा, हळू बोलणारी माणसं, भिंतींवर मोठमोठी चित्रं. मावशीचं चित्र लांबच्या भिंतीवर एकटं लावलेलं होतं. दारातूनच ते दिसत होतं, म्हणजे खरोखर दिसत होतं. मावशी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. हात पदराखाली, नेहमीसारखे.

थोड्या वेळाने एक वयस्कर चित्रकार आले. फार नावाजलेले, पण इथे नाव घेत नाही. त्यांच्या मागेपुढे माणसं होती. ते मावशीच्या चित्रापाशी थांबले आणि थांबूनच राहिले. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. मग त्यांनी विचारलं की हे कोणाचं. मृणालने मावशीला पुढे केलं. त्यांनी नमस्कार केला. मावशीने नुसती मान लववली, कारण नमस्कार करायचा तर हात बाहेर काढावे लागले असते.

ते म्हणाले, "बाई, पाण्यावरचा हा हात मी जन्मभर शोधतोय. मला नाही साधला. तुम्ही कसा आणलात?"

मावशी काहीतरी बोलून वेळ मारून नेईल, असं मला वाटलं. जमलं आपलं, असं काहीतरी. दालनात चांगली शंभरेक माणसं होती आणि त्यातली बरीचशी तिच्याकडेच बघत होती. मावशीने क्षणभर खाली बघितलं. मग तिने उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि तळवा खाली करून त्यांच्यासमोर सरळ धरला. तो थरथरत होता, रोजच्यापेक्षा जास्तच.

"हा असा," ती म्हणाली. "मला हा थांबवता येत नाही. म्हणून मी त्याला कामाला लावलं."

त्यांनी त्या हाताकडे बघितलं. मग चित्राकडे बघितलं. मग पुन्हा हाताकडे. आणि अतिशय नम्रपणे विचारलं की अजून थोडा वेळ असाच धरता येईल का. मावशीने धरला. ते वाहत्या पाण्याकडे बघावं तसे त्या हाताकडे बघत राहिले, आणि त्यांच्याबरोबर ते सगळं दालन. माझ्या शेजारी आई उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

त्यानंतर तो हात पदराखाली गेलेला आमच्यापैकी कोणी बघितला नाही. त्याच दालनात मावशीने चहाचा भरलेला कप घेतला, अर्धा बशीत आणि साडीवर सांडत प्यायला, आणि त्याबद्दल कोणाची माफी मागितली नाही. परत येताना टॅक्सीत ती बडबडत होती आणि दोन्ही हातांनी हातवारे करत होती. त्या वर्षीचं बक्षीस दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. मावशीने ते कोणाला मिळालं हेही विचारलं नाही.

चित्र विकत मागायला दोघं-तिघं आले. पण ते तिने आधीच मृणालला कबूल केलेलं होतं. परळला त्या विभागाच्या बाहेर एक लांब रुंद बोळ आहे, त्याच्या टोकाच्या भिंतीवर ते लागलं. लिफ्टमधून बाहेर आलं की समोर काजळी. मावशी आठवड्यातून एकदा तिथे जायला लागली, रुग्ण म्हणून नव्हे, मदतीला म्हणून. थरथरत्या हातांची माणसं यायची, खाली मान घालून, हात खिशात किंवा ओढणीत लपवून. मावशी त्यांच्याशी बोलायला जायची ती आधी स्वतःचा हात पुढे करून. लालबागचा एक शिंपी आला होता. कात्री हातात राहत नव्हती. तो एकच गोष्ट परत परत सांगत होता, की धंदा बसला, मावशी, धंदा बसला. मावशीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धंदा बसला ना? बसू दे त्याला. तू ऊठ." तो उठला. त्याने पुढे वर्षभरात काढलेली चित्रं म्हणजे नुसती फुलंच फुलं होती, लग्नातल्या ब्लाउजांवर असतात तसल्या रंगांची. ती आता नदीच्या शेजारी लागली आहेत.

मावशी गेली ती गेल्या थंडीत, सकाळी, अंथरुणातच. काही त्रास झाला नाही. अंत्ययात्रेला परळहून मृणालबरोबर माणसांचा एक मोठा घोळका आला होता. चाळीतल्या लोकांनी त्यांना ओळखलं नाही, पण मी ओळखलं. त्या सगळ्यांनी थरथरते हात जोडले होते आणि कोणीही ते लपवले नव्हते.

अस्थी काजळीत सोडायच्या, हे तिने मला सांगून ठेवलं होतं. मी तिकडे कधी गेले नव्हते. लांज्याला रात्री मुक्काम केला आणि सकाळी रिक्षा करून निघाले. मावशीच्या गावाचं नाव माहीत होतं, बाकी काही नाही. रिक्षावाल्याने पुलाजवळ सोडलं आणि कुठल्या घाटावर जायचं ते विचारलं, कारण गावाला तीन-चार पाणवठे होते. मला सांगता येईना. पूल नवा होता, पलीकडे मोबाईलचा मनोरा होता, होड्या तर कधीच बंद झाल्या होत्या. मला वाटलं, आता कुठेही सोडाव्या लागणार. मी काठाकाठाने चालायला लागले.

एका वळणावर माझे पाय आपोआप थांबले. डावीकडून काळा कातळ पाण्यात उतरत गेला होता. पलीकडची झाडी एका ठिकाणी तुटली होती, आणि त्या फटीतून येणाऱ्या उन्हाने पाण्यावर गुलाबी, पिवळे, हिरवे ठिपके टपटपत होते. घर नव्हतं, गाई नव्हत्या. पण हीच ती जागा होती. मला कोणाला विचारायची गरज उरली नाही.

कातळावर एक बाई चादरी धूत होती. तिने वर बघितलं आणि कोणाकडे आलात म्हणून विचारलं. मी मावशीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव सांगितलं. तिला काही आठवेना. कसं आठवणार, तिचा तेव्हा जन्मही झाला नसेल. मी चपला काढल्या आणि कातळावरून खाली उतरायला लागले. मावशीने त्या कातळाच्या कडेला एके ठिकाणी अगदी गडद, ओला हिरवा रंग लावला होता. ते शेवाळ टाळून मी पलीकडून पाय टाकला.

ती बाई माझ्या पायांकडे बघत होती. तिने विचारलं, "अगोदर येऊन गेलायत वाटतं?"

"हो," मी म्हटलं, "खूप वेळा," आणि पाण्यात उतरले.